पगार कोणाचा? धर्मभगिनींच्या ओळखीच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

व्रतस्थ जीवनातील श्रद्धा आणि ओळख यांविषयी कोल्हापुरात अलीकडे बोलणे निघाले, की प्रार्थनेच्या जोडीला पगारपत्रकही चर्चेत येते. 7 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 93 अपिले फेटाळली आणि अनुदानित शाळा-महाविद्यालयांत शिकवणाऱ्या धर्मभगिनी व धर्मगुरूंच्या वेतनातून प्राप्तिकर कापला जाईल, हे कायम केले. वाद तमिळनाडू आणि केरळमधला होता; परंतु अनुदानित शाळेचे वेतन आणि कॉन्व्हेंटचा एकत्र संसार ही रचना येथेही परिचयाची असल्याने निकालाचे पडसाद इकडेही उमटले.

कोल्हापूर शहराला मिशनरी शाळा परिचित झाली ती 1852 मध्ये आलेल्या अमेरिकन प्रॉटेस्टंट मिशनमुळे. कॅथलिक कॉन्व्हेंट शाळा त्यानंतरच्या, आणि जिल्ह्यातील कॅथलिक समाजाचा एक धागा आजरा-चंदगड पट्ट्यातील कोकणी बोलणाऱ्या कुटुंबांकडे जातो. 2005 साली नवा धर्मप्रांत निर्माण होईपर्यंत येथील कारभार पुण्याहून चालत असे. शाळेच्या फाटकावर दिसणारी साडीतील, गळ्यात क्रूस असलेली सिस्टर ही मात्र बऱ्याच अंशी 1965 नंतरची आहे. त्या वर्षी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (कॅथलिक चर्चच्या जगभरातील बिशपांच्या सभेने) व्रतस्थांचा पोशाख साधा, काळाला, स्थळाला आणि कामाला साजेसा असावा, असे सांगितले. त्यापाठोपाठ अनेक संघांत, म्हणजे भगिनी ज्यांच्या सदस्य असतात त्या धर्मसंस्थांत, व्रताच्या वेळी नवे नाव घेण्याची सक्ती गेली, बाप्तिस्म्याचे नाव परत आले आणि आज्ञापालनाचा अर्थ संवादाच्या भाषेत मांडला जाऊ लागला. एकंदर रोख असा, की भगिनीने स्वतःचे नाव, शिक्षण आणि विवेक यांसह व्रत जगावे.

करसवलत याहून जुनी. 1944 सालच्या एका परिपत्रकाने मिशनऱ्यांना मिळणारे मानधन संघाकडे जमा होत असल्यास त्यावर कर नाही, असे म्हटले. 1977 मध्ये त्याच आशयाचे दुसरे परिपत्रक निघाले. सरकारी वेतनही याच सवलतीत बसते, असे गृहीत धरून कित्येक दशके व्यवहार चालला. पगार भगिनीच्या नावे खात्यात येई आणि तेथून संघाच्या खात्यात जाई; तिला बसभाडे हवे असले, तरी ते वरिष्ठ भगिनीकडे मागावे लागे. 2014-15 च्या सुमारास प्राप्तिकर विभागाने कपात करण्यास सांगितले आणि प्रकरण न्यायालयात गेले.

तेथे मांडला गेलेला युक्तिवाद मुळातून पाहण्यासारखा आहे. शाश्वत, म्हणजे आजन्म, व्रत घेणारी व्यक्ती ‘नागरी मृत्यू’ पावते, म्हणजे कायद्यापुरती हयात राहत नाही, म्हणून वेतन तिचे नसतेच, ते संघाचेच ठरते, असे सांगण्यात आले. कणेरी किंवा नृसिंहवाडीचे मठ पाहिलेल्या वाचकाला ही कल्पना परकी वाटणार नाही, कारण संन्यास घेणाऱ्याचे पूर्वाश्रमीचे हक्क संपतात, हे जुन्या हिंदू विधीतही आहे. अडचण अशी, की खुद्द कॅथलिक विधीतही ही गोष्ट सरसकट नाही. पूर्ण स्वामित्वत्याग ही जुन्या मठवासी परंपरेतील सोहळाव्रताची (‘सॉलेम व्हाउ’ची) खूण. शाळा आणि दवाखाने चालवणाऱ्या बहुतेक आधुनिक संघांच्या भगिनी साधे व्रत घेतात, ज्यात वडिलोपार्जित मालमत्तेची मालकी राहू शकते. कॅथलिक चर्चच्या 1983 च्या विधिसंहितेतील 668 वे कलम व्रतापूर्वी मालमत्तेची व्यवस्था लावून द्यायला आणि नागरी कायद्यात टिकेल असे मृत्युपत्र करायला सांगते; स्वकष्टाने मिळवलेले मात्र संघाचे ठरते.

मद्रास उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने 2019 मध्ये विभागाच्या बाजूने निकाल दिला, 2021 मध्ये केरळनेही तोच मार्ग धरला. उत्पन्न हाती येण्यापूर्वीच कायद्याने दुसरीकडे वळते की हाती आल्यावर कोणाला तरी दिले जाते, हा सर्वोच्च न्यायालयाच्या 1961 च्या एका निकालापासूनचा जुना निकष आहे. शासन नेमणूक शिक्षिकेची करते, वेतन तिला देते; ती ते संघाला देते हा तिचा विनियोग. कायद्याच्या बाजूने यात खोट काढणे कठीण आहे.

खटकते ती दुसरी बाजू. परिषदेनंतरची अर्धशतकाहून अधिक वर्षे ज्यांना स्वतःच्या नावाने उभे राहण्यास सांगितले गेले, त्यांच्याविषयी न्यायालयात असे सांगावे लागले, की कायद्याच्या दृष्टीने त्या हयातच नाहीत. संघांपुढे दुसरा सोयीचा मार्ग नसेलही, आणि गरीब मुलांच्या शाळांवर पडणारा भार खरा आहे. तरी स्वतःच्या वतीने केला गेलेला हा दावा मतदान करणाऱ्या, मुख्याध्यापिका म्हणून सह्या करणाऱ्या सिस्टरला कसा वाटला असेल, हा प्रश्न चर्चेत फारसा आला नाही.

निकालाने वेतन तिचे ठरवले, पण तेवढ्यापुरतेच. उद्या तिने संघ सोडला, तर संहितेच्या 702 व्या कलमानुसार संघात केलेल्या कामाबद्दल ती काहीही मागू शकत नाही; संघाने तिच्याशी न्यायाने व शुभवर्तमानी प्रेमाने वागावे, एवढेच ते कलम पुढे सांगते, आणि किती रक्कम म्हणजे न्याय, हे संघाच्या वरिष्ठांवर राहते.