बळी न घेतलेलं चामडं आणि हाताच्या कातडीतून आलेलं संगीत

बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेल्या कातड्याची कोल्हापुरी चप्पल अथणी-निपाणीकडे आजही हातानं शिवली जाते. तिच्या जीआय मानांकनात महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूरही आहेत. जनावराशिवाय चामडं मिळू लागलं तर? इथल्या कारागिरासाठी हा थेट पोटाचा प्रश्न आहे.

२००४ मध्ये ओरॉन कॅट्स आणि इओनॅट झर या ऑस्ट्रेलियातल्या कलावंतांनी तो काचेच्या भांड्यात मांडला. विरघळणाऱ्या पॉलिमरचा बोटभर कोट, त्यावर उंदराच्या आणि माणसाच्या पेशी, वरून थेंबथेंब पडणारं पोषकद्रव्य. पॉलिमर विरघळत जातो आणि बिनशिवणीचा जिवंत कोट उरतो. नाव 'व्हिक्टिमलेस लेदर', म्हणजे कुणाचाही बळी न घेता झालेलं चामडं. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये तो ठेवला, तेव्हा पेशी भराभर वाढल्या, यंत्रणा तुंबली, एक बाही सुटू लागली. क्युरेटर पाओला अँटोनेली यांना अखेर पोषण बंद करावं लागलं.

खरी मेख मात्र त्या पोषकद्रव्यात आहे. अशा पेशी वाढवायला सहसा न जन्मलेल्या वासराच्या रक्तातलं सीरम लागतं, आणि गाभण गाय कत्तलखान्यात गेली की ते काढलं जातं. म्हणजे बळी होताच, फक्त नजरेआड. कॅट्स आणि झर हे लपवत नाहीत. त्यांना तेच दाखवायचं आहे. आता सीरमविना पोषकद्रव्यंही मिळतात. तरी प्रयोगशाळेतल्या प्रत्येक जिवंत गोष्टीला कोण, कशावर पोसतंय हे विचारायची सवय मला या कामानं लावली.

मूलपेशींकडे, म्हणजे स्टेम सेलकडे, मी तसंच पाहतो. जपानमधल्या क्योतोचे शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या त्वचेतल्या पेशींत केवळ चार जनुकं घालून त्यांना पुन्हा मूलावस्थेत नेलं; २००७ मध्ये माणसाच्या पेशींबाबतही ते जमलं. अशा पेशीपासून हृदयाची, यकृताची, मेंदूची पेशी घडवता येते. २०१२ मध्ये त्यांना जॉन गर्डन यांच्यासोबत नोबेल मिळालं.

ऑस्ट्रेलियातल्या पर्थमधले कलावंत गाय बेन-अरी यांनी हीच वाट धरली. स्वतःच्या हाताच्या त्वचेचा तुकडा दिला. त्यातून मूलपेशी आणि पुढे चेतापेशी, म्हणजे मेंदूत असतात तशा संदेश वाहणाऱ्या पेशी, तयार झाल्या. इलेक्ट्रोडच्या तबकडीवर वाढलेल्या त्या चेतापेशींचे विद्युत संकेत सिंथेसायझरला जोडले. २०१५ मध्ये एका ढोलवादकासोबत त्यांची मैफल झाली: ढोलाचा ठेका विजेच्या रूपात पेशींकडे जाई, पेशींचा प्रतिसाद आवाज होऊन सभागृहात येई. या पेशींना जाणीव नव्हती. पण त्यांना वादक म्हणायचं की वाद्य, याचं उत्तर मला सोपं वाटत नाही.

माणसाला 'अधिक' करण्याची स्वप्नं इथूनच सुरू होतात. ऑस्ट्रेलियातले कलावंत स्टेलार्क यांनी स्वतःच्या हातावर कान घडवून घेतला, पण त्यात बसवलेला मायक्रोफोन संसर्गामुळे काढावा लागला. शरीर इतक्या सहजी जोडकाम स्वीकारत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वंही सावध आहेत: ठरावीक आजारांतलं रक्तपेशी घडवणाऱ्या मूलपेशींचं प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी वापर संशोधनातच मोडतो. गुडघे नवे करून देतो म्हणणाऱ्या जाहिराती वाचताना हे जरूर आठवावं.

अमेरिकी संगीतकार अल्विन लुसिए २०२१ मध्ये गेले. हयातीत, सगळं समजून घेऊन त्यांनी रक्त दिलं होतं. त्या पेशींपासून मेंदूसदृश सूक्ष्म गोळे वाढवले, आणि २०२५ मध्ये पर्थच्या कलादालनात त्यांच्या संकेतांवर पितळी पत्रे वाजू लागले. लुसिए यांना विचारलं गेलं होतं. बेळगावच्या दवाखान्यांत खानापूरची मराठी आजी येते, तसा गोकाकचा कन्नड शेतकरीही. त्यांच्या ऊतीचा नमुना संशोधनासाठी घेताना संमतिपत्र त्यांच्याच भाषेत असावं, आणि त्या पेशी कुठे, किती वर्षं, कुणाच्या मालकीत वाढणार, नको वाटलं तर त्या नष्ट करायला सांगता येईल का, हेही त्यात स्पष्ट लिहिलेलं असावं.