लिफ्ट बसवताना अपघात झाल्यास नुकसानभरपाईचा अर्ज: पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

लिफ्टच्या डक्टमध्ये परांचीवरून पडून, काउंटरवेटखाली सापडून किंवा विजेचा धक्का बसून फिटर अथवा हेल्पर जखमी वा मृत झाल्यास भरपाईसाठी मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला, एवढे दाखवणे पुरेसे असते. २१ नोव्हेंबर २०२५ पूर्वीच्या अपघातांना कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ लागू होतो आणि त्यानंतरच्या अपघातांना सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०. पुढील मुख्य नियम दोन्हींत सारखेच आहेत. मात्र कामगार ईएसआयचा विमाधारक असेल, तर लाभ कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडेच मागावा लागतो.

खरी अडचण ‘मालक कोण’ या प्रश्नावर येते. लिफ्ट कंपनी काम कंत्राटदाराला देते, तो पोटकंत्राटदाराला देतो आणि अपघातानंतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. आपल्या नेहमीच्या व्यवसायातले काम कंत्राटावर देणारी कंपनी मुख्य मालक म्हणून भरपाईस जबाबदार धरता येते, म्हणून अर्जात कंत्राटदार आणि लिफ्ट कंपनी या दोघांनाही प्रतिवादी करावे. इमारतीच्या गृहनिर्माण संस्थेचा लिफ्ट बसवणे हा व्यवसाय नसल्याने केवळ तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

मृत्यू झाल्यास अवलंबित अर्ज करू शकतात. विधवा पत्नी, अज्ञान मुलगे, अविवाहित मुली आणि विधवा आई यांना आपले अवलंबित्व वेगळे सिद्ध करावे लागत नाही.

अर्जासोबत पोलीस पंचनामा, रुग्णालयाची कागदपत्रे, वयाचा पुरावा आणि बँक खात्याचा तपशील जोडावा. मृत्यू असल्यास शवविच्छेदन अहवाल व मृत्यूचा दाखला, अपंगत्व असल्यास डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. नेमणूकपत्र बहुतेकांकडे नसते. अशा वेळी मजुरीच्या बँक नोंदी, साइटच्या गेटवरील रजिस्टर, हजेरी, सुपरवायझरचे मोबाइल संदेश आणि सहकाऱ्यांची साक्ष उपयोगी पडते, आणि हे सारे काम संपून टोळी पांगण्याआधीच गोळा करावे.

मालकाला शक्य तितक्या लवकर लेखी सूचना द्यावी आणि अपघातापासून दोन वर्षांच्या आत दावा दाखल करावा. तो अपघातस्थळाच्या किंवा अर्जदाराच्या राहत्या ठिकाणच्या कर्मचारी नुकसानभरपाई आयुक्तांकडे (संहितेखाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे) करता येतो; त्यामुळे मुंबईत मृत्यू झालेल्या कामगाराच्या बीडमधील कुटुंबाला मुंबईला खेपा घालाव्या लागत नाहीत.

मृत्यूसाठी मासिक वेतनाचा ५० टक्के भाग वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. कायमच्या संपूर्ण अपंगत्वासाठी हा भाग ६० टक्के असतो. उदाहरणार्थ, १५,००० रुपये वेतन आणि ३० वर्षे वय असल्यास ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये होतात. भरपाई देय झाल्यापासून महिन्याभरात न दिल्यास १२ टक्के व्याज लागते आणि विलंबाला सबळ कारण नसल्यास मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो.

‘सेफ्टी बेल्ट लावला नव्हता’ हा बचाव मृत्यूच्या किंवा कायमच्या संपूर्ण अपंगत्वाच्या प्रकरणात चालत नाही. मृत्यूची भरपाई आयुक्तांकडेच जमा व्हावी लागते. कुटुंबाच्या हाती परस्पर दिलेले पैसे, मर्यादित आगाऊ रक्कम वगळता, भरपाई मानले जात नाहीत आणि हक्क सोडल्याचा स्टॅम्प पेपरवरील करारही कायद्याने निरर्थक ठरतो.