माणिक, नीलम, पुष्कराज : खनिज एकच, रंग तीन

नवरत्नांच्या अंगठीत खडे नऊ असले तरी खनिजं नऊ नसतात. माणिक, नीलम आणि आज सराफाकडे पुष्कराज म्हणून मिळणारा पिवळा खडा, हे तिन्ही कुरुंदच. कुरुंद म्हणजे ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन, बाकी काही नाही. मोहच्या कठीणतेच्या कोष्टकात हिऱ्याला १० आणि कुरुंदाला ९, म्हणूनच धार लावायच्या चाकांत त्याचा भुगा वापरतात. शुद्ध कुरुंदाला मात्र रंगच नसतो.

रंग येतो तो भेसळीतून, आणि तीही चिमूटभर. शंभरातल्या एखाद्या ॲल्युमिनियम अणूची जागा क्रोमियमनं घेतली की माणिक तयार होतं. क्रोमियम जरा अंगानं मोठा. लोकलमधल्या चौथ्या सीटवरच्या माणसासारखा तो कसाबसा बसतो आणि भोवतालच्या अणूंचा विद्युत दाब त्याच्या इलेक्ट्रॉनांवर पडतो. त्यामुळे इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्यांत अंतर पडतं. ते अंतर ओलांडायला लागेल तेवढ्याच ऊर्जेचा प्रकाश ते शोषून घेतात. माणकात शोषला जातो जांभळा आणि पिवळसर हिरवा प्रकाश. उरतो मुख्यतः लाल.

शिवाय शोषलेल्या ऊर्जेतली काही क्रोमियम लाल प्रकाशाच्या रूपात परत बाहेर सोडतो. म्यानमारमधल्या मोगोकची माणकं संगमरवरात घडलेली, त्यांत लोह अगदी कमी. त्यामुळे उन्हात धरली की ती आतून उजळतात. थायलंडच्या माणकांत लोह जास्त असतं आणि ते ही झळाळी मारून टाकतं. १९६० साली थिओडोर मैमन यांनी जगातला पहिला लेझर चालवला, तो कृत्रिम माणकाच्या कांडीतून निघणाऱ्या याच लाल प्रकाशावर.

आता पाचू बघा. तो कुरुंद नाही, बेरिल नावाच्या वेगळ्याच खनिजाचा. पण त्यालाही रंग देतो तो बहुधा हाच क्रोमियम! बेरिलमध्ये त्याच्यावरचा विद्युत दाब थोडा कमी असतो. तेवढ्यानं शोषणाचा पट्टा पिवळ्या-तांबड्याकडे सरकतो आणि हिरवा प्रकाश सुटून बाहेर येतो. मला या सगळ्या विषयात सर्वांत विलक्षण वाटते ती हीच गोष्ट. लाल किंवा हिरवा रंग क्रोमियमच्या अंगचा नाहीच, तो शेजारावर ठरतो. याचा पुरावा माणकातच मिळतो. माणिक खूप तापवलं की अणूंमधली अंतरं वाढतात, दाब सैल होतो आणि खडा हिरवट दिसू लागतो. थंड झाला की पुन्हा लाल.

नीलमाची तऱ्हा आणखी वेगळी. कुरुंदात एकटं टायटॅनियम असेल तर रंग येत नाही. एकटं लोह असेल तर फिकट पिवळा येतो, बरेचसे पुष्कराज असेच पिवळे झालेले असतात. पण लोह आणि टायटॅनियम शेजारी-शेजारी बसले की प्रकाश पडताच लोहाचा एक इलेक्ट्रॉन टायटॅनियमकडे उडी मारतो. या उडीला पिवळा-तांबडा प्रकाश खर्ची पडतो आणि खडा निळा दिसतो. अशा जोड्या इतका प्रकाश शोषतात की गडद निळ्यासाठी शेकडा एका अंशाहूनही कितीतरी कमी भेसळ पुरते.

हे कळलं की बाजारातली एक मोठी गोष्ट उलगडते. श्रीलंकेत ‘गेउडा’ नावाचे दुधट, मळकट कुरुंद निघतात. त्यांत टायटॅनियम असतं, पण रुटाइल खनिजाच्या अतिसूक्ष्म सुयांमध्ये अडकून पडलेलं. भट्टीत, ऑक्सिजन कमी ठेवून, दीड हजार अंश सेल्सिअसच्या वर तापवलं की सुया विरघळतात, टायटॅनियम मोकळं होऊन लोहाशेजारी जाऊन बसतं आणि मळकट खडा निळाशार होतो. १९७०च्या दशकापासून हे मोठ्या प्रमाणावर चालू आहे आणि आज विकले जाणारे बहुतेक नीलम असे तापवलेलेच असतात. तापवणं म्हणजे फसवणूक नव्हे, पण ते सांगून विकायला हवं, कारण न तापवलेल्या खड्याची किंमत बरीच जास्त असते. म्हणून प्रयोगशाळेत खडा आधी सूक्ष्मदर्शकाखाली जातो. रुटाइलच्या सुया अखंड, टोकदार दिसल्या तर त्याला एवढी मोठी आच लागलेली नाही. त्या तुटून ठिपक्यांच्या रांगा झाल्या असतील, तर तो भट्टीतून आलेला आहे.