होमस्टेड एक्झेम्प्शन

देणे थकले तरी सावकाराला ऋणकोचे राहते घर जप्त करता येऊ नये, अशी तरतूद असलेला अमेरिकेतील कायदा. तो प्रथम २६ जानेवारी १८३९ रोजी टेक्सासने केला. तेव्हा टेक्सास स्वतंत्र प्रजासत्ताक होते. १८३७च्या आर्थिक अरिष्टात बुडालेली कितीतरी कुटुंबे तिकडे जाऊन वसत होती. कायद्याने त्यांची ५० एकर जमीन किंवा गावातील एक भूखंड आणि त्यावरचे ५०० डॉलरपर्यंतचे बांधकाम जप्तीतून सोडवले. पुढे बहुतेक राज्यांनी हे तत्त्व उचलले. १८६२चा होमस्टेड कायदा मात्र वेगळा. तो सरकारी जमीन वाटण्यासाठी होता.

या सुटीने कर्ज माफ होत नाही. धंद्यातली देणी किंवा दवाखान्याचे बिल यांच्यापोटी घर विकता येत नाही, एवढेच. घर घेण्यासाठी काढलेले कर्ज, मालमत्ता कर आणि घराच्या बांधकामाची देणी यांना ती लागू नाही.

खरी मेख तारणात आहे. अडलेला माणूस घर गहाण टाकतो आणि कायद्याने दिलेले संरक्षण स्वतःच्या सहीने घालवतो. टेक्सासने हे ओळखले, हे त्या कायद्याचे मोठेपण. घटनेने मान्य केलेल्या कारणांखेरीज राहत्या घरावर लिहून दिलेले गहाणखत तिथे ग्राह्यच धरत नसत, आणि पतीपत्नी दोघांच्या संमतीशिवाय घर विकता येत नाही. घराच्या तारणावर इतर गरजांसाठी कर्ज काढण्याची मुभा १९९७च्या घटनादुरुस्तीने दिली. तीही एकूण बोजा घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपुरता ठेवून.

टेक्सास आणि फ्लोरिडात घराच्या किमतीला मर्यादा नाही, फक्त क्षेत्रफळाला आहे. त्यामुळे बडे ऋणको महागड्या घरांत पैसा गुंतवून मोकळे होत. २००५च्या केंद्रीय दिवाळखोरी कायद्याने अर्जाआधीच्या १,२१५ दिवसांत घेतलेल्या घराच्या संरक्षणाला रकमेची मर्यादा घातली.

महाराष्ट्रातही असा विचार जुना आहे. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील सावकारांविरुद्धच्या १८७५च्या दंग्यांनंतर आलेल्या १८७९च्या दख्खन शेतकरी कायद्याने, खास गहाण नसेल तर शेतकऱ्याची स्थावर मिळकत कोर्टाच्या हुकूमनाम्यापोटी विकण्यास मनाई केली. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० शेतकरी, मजूर व घरगडी यांचे राहते घर जप्तीतून वगळते. शहरातल्या कारकुनाला किंवा दुकानदाराला या तरतुदीचा आधार नाही. आणि बँकेला खास तारण दिलेल्या घराला बँकांना कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या २००२च्या सरफेसी कायद्यापुढे कलम ६० वाचवत नाही.