टाकीदाब नोंदयंत्र (स्कूबा)

स्कूबा डायव्हरच्या टाकीतील हवेचा दाब दर काही सेकंदांनी मोजून वेळ, खोली व तापमानासह साठवणारे छोटे उपकरण. गेज त्या क्षणी किती हवा उरली तेवढेच दाखवते. हवा कुठे आणि किती झपाट्याने संपली, हे नोंदींवरून कळते.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागाला समुद्र नाही. डायव्हिंगसाठी आंबोली घाटाने मालवण-तारकर्ली, चोर्ल्याने गोवा, नाहीतर मुर्डेश्वरजवळचे नेत्राणी बेट गाठावे लागते. पण स्वस्तात नोंदयंत्र बनवायला लागणारी कारागिरी बेळगावात आहे. अ‍ॅल्युमिनियमची प्रचलित टाकी ११.१ लिटरची असून २०७ बारपर्यंत भरतात. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) यंत्रांतला दाबही याच पल्ल्यातला, आणि उद्यमबाग-मच्छेतल्या कारखान्यांना तो परका नाही. ०-३०० बारचा सेन्सर चालतो. अडचण आट्यांची: हायड्रॉलिक सेन्सर बहुधा पाव इंची बीएसपी (पाइपांसाठीच्या ब्रिटिश मापाच्या) आट्यांचा असतो, तर रेग्युलेटरच्या (टाकीतल्या हवेचा दाब श्वासाजोगा उतरवणाऱ्या साधनाच्या) फर्स्ट स्टेजवरील, म्हणजे टाकीला जोडलेल्या भागावरील, उच्चदाब पोर्ट ७/१६ इंची, इंचाला २० आट्यांचे. मधला अ‍ॅडॉप्टर लेथवर करून घ्यावा लागतो. असे पोर्ट बहुतेक रेग्युलेटरना दोन असतात. एकावर गेज कायम ठेवून दुसऱ्यावरच नोंदयंत्र बसवावे.

खरा धोका तेलाचा. उच्च दाबाच्या हवेत तेलाचा अंश पेट घेऊ शकतो. ऑक्सिजन वाढवलेल्या मिश्रणात तर अधिकच. म्हणून हायड्रॉलिक मशीनवरून उतरवलेला जुना सेन्सर फुकट मिळाला तरी घेऊ नये, आणि नवा सेन्सर तेलावर चालणाऱ्या डेडवेट टेस्टरला (वजने ठेवून दाबाचे माप तपासणाऱ्या यंत्राला) लावू नये.

सेन्सरचा ०.५ ते ४.५ व्होल्टचा संकेत ३०० बारमध्ये वाटला, तर एका बारच्या वाट्याला जेमतेम १३ मिलिव्होल्ट येतात. स्वस्त मायक्रोकंट्रोलरमधल्या (नियंत्रक चिपमधल्या) कन्व्हर्टरवर, म्हणजे व्होल्टचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या भागावर, विसंबण्यापेक्षा १६ बिटचा वेगळा कन्व्हर्टर लावलेला बरा. खाऱ्या पाण्यात ब्लूटूथ काही सेंटिमीटरपलीकडे पोचत नाही, त्यामुळे नोंदी मेमरी कार्डावर साठवून वर आल्यावरच उतरवतात. मनगटावर थेट आकडा दाखवण्याचा हट्ट सोडला की खर्च बराच उतरतो.

खोलीच्या सेन्सरचे शून्य मात्र किनाऱ्यावरच लावावे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. तिथे हवेचा दाब कमी असल्याने तिथे शून्य लावलेले यंत्र मालवणात बोटीवर बसल्या बसल्याच पाऊण मीटरहून जास्त खोली दाखवते. तापमानाची नोंदही हवीच. गाडीत ३५ अंशांवर २०० बार भरणारी टाकी २७ अंशांच्या पाण्यात एकही श्वास न घेता सुमारे ५ बार उतरते, आणि नवशिक्याला वाटते, वॉशर गळतोय.

हवेचा खर्च काढताना दाबातील घट टाकीच्या लिटरांनी गुणून, मिनिटे आणि सरासरी भोवतालचा दाब यांच्या गुणाकाराने भागतात. ११.१ लिटरच्या टाकीतून १५ मीटरवर (२.५ बार) २५ मिनिटांत १०० बार गेले, तर पृष्ठभागाच्या हिशेबाने मिनिटाला सुमारे १७.८ लिटर.