परक्या मैदानावर ‘बरोबरी म्हणजे विजयच’?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडचा फुटबॉल संघ कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर खेळायला निघाला की जाणकारांचा ठरलेला सल्ला: दहाजण मागे ठेवा, बरोबरी झाली तरी जिंकल्यासारखंच. हा हिशोब विजयाला दोन गुण मिळायचे तेव्हाचा. इंग्लिश लीगने 1981 मध्ये तीन गुण केले, विश्वचषकात 1994 पासून तेच. आता साखळीत सहा बरोबऱ्या म्हणजे सहा गुण. आणि दोन विजय, चार पराभव, तरी सहाच! मग भ्यायचं कशाला?

शिवाय सगळे गोलसमोर गोळा झाले की लांब मारलेला चेंडू परत यजमानांच्याच पायात. कॉर्नरवर कॉर्नर. त्यापेक्षा दोन चपळ पोरं मध्यरेषेजवळ ठेवा. त्यांच्यासाठी समोरच्याला बचावपटू मागे ठेवावेच लागतात. घरच्या प्रेक्षकांच्या आरडाओरड्याने ते पुढे धावलेच, तर मागे मैदान मोकळं. इंग्लंडच्या लेस्टर सिटी क्लबने 2015-16 मध्ये बाहेरचे 19 पैकी 11 सामने जिंकले, मँचेस्टर सिटीला तर त्यांच्याच मैदानावर 3-1 ने. (बचावही तगडा होता, हे मान्य.)

बाद फेरीत मात्र गुणच नसतात. तिथे सामना पेनल्टीपर्यंत रेटणं दुबळ्या संघाला परवडतं.