एमपी३चं पेटंट आणि गाण्याचं कुलूप

गाण्यांवर जीव आणि गाण्यांच्या सॉफ्टवेअरवर संशय असलेली मंडळी हमखास म्हणतात, “एमपी३ नकोच, तो कंपनीचा फॉरमॅट. उद्या गाणी वाजायची थांबतील.” संशय रास्त आहे, पण राग भलत्यावरच निघतोय. पेटंट वेगळं आणि डीआरएम, म्हणजे डिजिटल कुलूप, वेगळं.

पेटंट असतं आवाज आटोपशीर फाइलीत बसवण्याच्या पद्धतीवर. त्याचा जाच व्हायचा तो सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना. फ्राउनहोफर ही जर्मन संस्था एमपी३साठी परवाना शुल्क घ्यायची, त्यामुळे फेडोरासारख्या लिनक्समध्ये, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मुक्त प्रणालीत, एमपी३ वाजवायची सोय मुळात नसायची, मागाहून घालावी लागे. पेटंटच्या कटकटीपासून मोकळा म्हणून ऑग व्हॉर्बिस हा फॉरमॅट पुढे आला, त्याची १.० आवृत्ती २००२ची. पण पेटंटला मुदत असते. एप्रिल २०१७ मध्ये फ्राउनहोफरने एमपी३चे परवाने देणं बंद केलं, आणि विषय मिटला. आवाजाचा दर्जा आवडत नसेल तर एमपी३ खुशाल सोडा. भीतीपोटी सोडायचं कारण उरलेलं नाही.

कुलपाला अशी मुदत नसते. गाणं कूटबद्ध करून दिलेलं असतं आणि किल्ली दुसऱ्याच्या ताब्यात. ॲपलच्या आयट्यून्स स्टोअरने २००३ मध्ये गाणी विकायला सुरुवात केली ती एएसी फॉरमॅटात, वर फेअरप्ले नावाचं कुलूप घालून. २००९ पासून तिथली गाणी बिनकुलपाची झाली, फॉरमॅट मात्र एएसीच राहिला. (एएसी ॲपलचा, हा आणखी एक गैरसमज. तो एमपी३सारखाच एमपेगचा, म्हणजे आवाज-चित्राची मानकं ठरवणाऱ्या गटाचा.) किल्लीवाल्याने दुकान आवरलं की काय होतं, हे एमएसएन म्युझिक या मायक्रोसॉफ्टच्या गाण्यांच्या दुकानाच्या ग्राहकांनी पाहिलं. ३१ ऑगस्ट २००८ नंतर किल्ल्या देणार नाही, असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं. म्हणजे पैसे मोजून घेतलेली गाणी नव्या संगणकावर नेणं अशक्य. ओरड झाली तेव्हा मुदत वाढवून २०११ अखेरपर्यंत नेली.

आता गंमत बघा. स्पॉटिफायच्या ॲपमध्ये गाणी येतात ती बहुतेक त्याच मुक्त, पेटंटविरहित ऑग व्हॉर्बिसमध्ये, आणि तरीही कुलूपबंद. ‘डाउनलोड’ केलेली गाणी टिकवायला तीस दिवसांतून एकदा तरी इंटरनेटला जोडून हजेरी लावावी लागते. उलट विकत घेतलेली साधी एमपी३ फाइल कुणालाही न विचारता वाजते.

फाइलच्या नावाच्या शेपटावरून कुलपाचा अंदाज फार तर अधूनमधून येतो: आयट्यून्सची कुलूपबंद गाणी .एम४पी असायची, बिनकुलपाची .एम४ए. त्यापेक्षा फाइल दुसऱ्या संगणकावर टाका, इंटरनेट बंद करा आणि वेगळ्याच कंपनीच्या प्लेअरमध्ये उघडा. वाजली तर कुलूप नाही.